बारा फटी

कोरणी हलली. त्याने हलवली नाही, ती आपली आपणच हलली, आणि मेणाच्या दाताच्या कडेवर एक ओरखडा उठला. केसाएवढा. दुसऱ्या कुणाच्या नजरेसही आला नसता. पण चौतीस वर्षं माणसांचे दात कोरण्यात घालवलेल्या माणसाला केस म्हणजे दोरखंडच. त्याने कोरणी खाली ठेवली, चष्मा पुसला, भिंगाखालून पुन्हा पाहिलं. ओरखडा होताच. मग त्याने उजव्या हाताकडे पाहिलं. हात टेबलावर पडून होता, मी नाही बाबा त्यातला असा चेहरा करून. अंगठा मात्र तर्जनीवर हळूच घासत होता, बारीक गोळी वळावी तसा. त्याने मनातल्या मनात त्याला दटावलं, थांब. तो थांबला. एवढंच झालं. मंगळवार होता, पावणेअकरा वाजले होते, समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं, आणि पलीकडच्या टेबलावरची चिनीमातीवाली (ती चिनीमातीच्या कॅपा करायची म्हणून सगळे तिला तसंच म्हणत) रेडिओबरोबर गुणगुणत होती. तिचं लक्ष नव्हतं. त्याने गरम पात्याने ओरखडा पुसून टाकला आणि ठरवलं, सकाळचा चहा कडक झाला होता, दुसरं काय.

पण चहाचं निमित्त बुधवारी पुरलं नाही, आणि गुरुवारी तर त्याने चहा घेतलाच नव्हता. घरी येताना बसमध्ये त्याने हात कोटाच्या खिशात कोंबला आणि तिथे तो त्याचा त्याचा उद्योग करत राहिला. खिशात उंदीर पाळल्यासारखं वाटत होतं. त्याला म्हातारे मास्तर आठवले. त्यांच्या हाताखाली तो शिकला तेव्हा वय चोवीस, आणि मास्तरांच्या नाकावरचा चष्मा दोऱ्याने बांधलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याची करंगळी धरून टेबलाला टेकवली होती. ‘हिला इथून उठवायची नाही. हात हवेत ठेवून काम करणारा एक तर जादूगार असतो, नाहीतर गाढव. जादूगार मी अजून पाहिला नाही.’ आणि दुसरा धडा, जो ते रोज एकदा तरी ऐकवायचे: ‘फट म्हणजे पाप. दात आणि हिरडीमध्ये केसाएवढी फट राहू दे, तिच्यात अन्न शिरणार, अन्नामागून कीड, आणि किडीमागून गिऱ्हाईक, शिव्या घालायला.’ चौतीस वर्षं त्याने करंगळी उठवली नव्हती आणि फट ठेवली नव्हती. दातांचे डॉक्टर त्याला बारीकराव म्हणत. आमच्या बारीकरावांनी बसवलेला दात आरशाला कळत नाही, असं ते पेशंटला सांगत. आता या बारीकरावांनी जायचं कुठे? बायकोला सांगायचं? ती वॉर्डातली सिस्टर होती, बत्तीस वर्षं तिने लोकांच्या नाड्या धरल्या होत्या. तिला सांगायचा अवकाश, सोमवारी तपासणी, मंगळवारी रिपोर्ट, आणि बुधवारपासून तो घरात खुर्चीवर, गुडघ्यांवर शाल. नको. शेवटचा थांबा येईपर्यंत त्याचं ठरलं होतं. गच्चीवर डोंगर करायचा.

हे बोलायला सोपं होतं, कारण वीस-बावीस वर्षं तो हे नुसतं बोलतच आला होता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती दोघं उंच डोंगरावर गेली होती, झाडं संपतात त्याच्याही वर, जिथे नुसते खडक, खडी आणि कान बधीर करणारा वारा. बाकीची मंडळी शिखराचे फोटो काढत होती. हा एका कपारीपाशी पालथा झोपला. खडकाच्या चिरेत, जिथे सुरीचं पातंही जेमतेम गेलं असतं, तिथे एक हिरवी गुबगुबीत उशी होती, अंगठ्याच्या नखाएवढी, आणि तिच्यावर सात गुलाबी फुलं. त्याने मोजली होती. माती दिसत नव्हती, पाणी दिसत नव्हतं, आणि ही बया मजेत बसलेली. ‘लोक डोंगरावर शिखर बघायला येतात,’ बायको वर उभी राहून म्हणाली होती, ‘आणि आमचे हे जमिनीवर लोळायला.’ त्याने तिला हात धरून खाली ओढलं होतं. तीही पालथी पडली, पाहत राहिली. मग म्हणाली, एवढीशी आहे पण वागणं बघा, घरच्यासारखं. तेव्हापासून तो म्हणायचा, गच्चीवर असा एक डोंगर करायचा. बायको म्हणायची, करा की, कुणी अडवलंय? अडवलं कुणीच नव्हतं. आता मात्र त्याने स्वतःशी पैज लावली. बारा फटी, बारा रोपं. सगळी स्वतःच्या हाताने, चिमट्याने, मास्तरांच्या पद्धतीने लावायची. ती जगली तर हात आपला, आणि मग कुणाला काही सांगायची गरज नाही. पैज खुळी होती हे त्याला कळत होतं. कळूनही त्याने ती मोडली नाही.

सिंक मेहुण्याकडचं होतं, भांडी घासायचं जुनं, दगडी, उथळ. मेहुण्याने स्वयंपाकघर नवं केलं आणि ते दारात टाकून दिलं. दोन हमालांनी ते तीन जिने चढवून गच्चीवर, उत्तरेच्या कठड्याशी, विटांवर ठेवलं. ‘सासुरवाडीहून मिळालेली एकमेव वस्तू,’ तो म्हणाला. ‘आणि मी?’ बायकोने विचारलं. ‘तू वस्तू नाहीस.’ ‘हो, पण मिळाले तिथूनच ना?’ अशी ती. रोपं मिळाली शहराच्या टोकाला एका बाईकडे. काचघर नाही, शोभेच्या कुंड्या नाहीत. लाकडी खोक्यांत नुसती खडी आणि खडीतून डोकावणारी मूठभर हिरवळ. रोपवाली उंच, हाडकुळी, तोंडाने फटकळ. तिने त्याची स्वच्छ कापलेली नखं बघितली आणि विचारलं, ‘आधी काय लावलंय?’ तो म्हणाला, काही नाही. ‘छान. म्हणजे वाईट सवयी नसतील. ऐका. यांचे लाड करायचे नाहीत. खत नाही, काळी माती नाही. अर्धी दगडाची कच, पाव भाग भरड वाळू, उरलेलं मातीसारखं काहीतरी. थंडीने ही मरत नाहीत, बर्फाने मरत नाहीत, उपाशी ठेवल्याने तर नाहीतच. मरतात ती एकाच गोष्टीने.’ ‘कशाने?’ ‘गळ्याशी, मूळ सुरू होतं तिथे, पाणी साचल्याने. पाणी आलं पाहिजे आणि गेलंही पाहिजे. पाहुण्यासारखं.’ तो हसला. ती हसली नाही.

त्या रविवारी आणि पुढच्या दोन रविवारी त्याने जे काम केलं तसं त्याने वर्षभरात केलं नव्हतं. कच तीनदा धुतली, दोन चाळण्यांतून चाळली. चपटे दगड उभे लावले, पावाच्या कापांसारखे एकाला एक समांतर, थोडे मागे झुकलेले, म्हणजे पाऊस आत उतरेल. दगडांमधून बारा चिरा ठरवल्या. आणि मग चिमटा, कोरणी, करंगळी दगडाला टेकवलेली. एकेक रोप मुळं धुऊन, ओल्या कागदात गुंडाळून, चिरेत उतरवायचं. सहाव्या रोपाला हात थरथरला. त्याने डाव्या हाताने मनगट आवळलं आणि दात खाऊन रोप आत घातलं. नवव्याला पुन्हा. दहावं त्याच्या हातून खाली पडलं, मूळ दुखावलं, पण त्याने तेही लावलं. बारावं लागलं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. झालं! जमलं! तो उभा राहिला, दोन पावलं मागे गेला, आणि त्याला ते दिसलं जे चौतीस वर्षं सगळ्यात आधी दिसत आलं होतं. फटी. रोपाच्या दोन्ही बाजूंना, दगड आणि दगडाच्या मधे, उघड्या, वेड्यावाकड्या फटी. काम अर्धवट वाटत होतं. मास्तरांनी कान धरला असता. दुसऱ्या दिवशी त्याने कामावरून किलोभर पांढरं प्लास्टर आणलं, साच्यांचं, दगडासारखं घट्ट होणारं, त्यात विटेची पूड मिसळून रंग जुळवला, आणि रोपाच्या गळ्यापर्यंत प्रत्येक फट अशी बुजवली की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. हात त्या दिवशी एकदाही हलला नाही. तो इतका खूश झाला की जिन्यात त्याने शीळ घातली.

पाऊस आला तो लागोपाठ अकरा दिवस. तो रोज कामावरून आल्यावर कोटासकट गच्चीवर जायचा. दगड चकाकत होते, रोपं हिरवीगार, टपोरी. त्याला वाटलं, बाळसं धरलंय. बाराव्या दिवशी ऊन पडलं आणि त्याने तिसऱ्या फटीतल्या उशीवर हलकेच बोट ठेवलं, तर ती उशी टोपीसारखी अलगद निघून त्याच्या हातात आली. खाली तपकिरी लगदा, आणि प्लास्टरच्या वाटीत साचलेलं पाणी. वास आला. चौथी आली. सातवी आली. शनिवारपर्यंत बारापैकी नऊ गेल्या, उरलेल्या तिघींच्या कडा काळ्या पडलेल्या, आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्याही. त्याला रडू आलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गच्चीवर, मेलेल्या टाचणीएवढ्या पानांपुढे. रोपांसाठी नव्हतं ते. पैज तो हरला होता आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून समजूत घालायलाही कुणी नव्हतं. याच आठवड्यात डॉक्टरांनी एक कवळी परत पाठवली होती, पहिल्यांदाच. डाव्या दाढेशी बसत नव्हती. सोबत चिठ्ठीही नव्हती. नंतर फोनवर नुसतं म्हणाले, ‘दगदग झाली असेल हो बारीकराव. होतं असं.’ शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

एक मेलेली उशी आणि तिच्याभोवतीचा प्लास्टरचा तुकडा कागदात बांधून तो रोपवालीकडे गेला. तिने तुकडा उलटसुलट पाहिला. ‘हे काय आहे?’ ‘फटी बुजवल्या मी. पक्क्या.’ ‘दाताला सिमेंट भरतात तसं?’ तिला त्याचा धंदा माहीत नव्हता. ‘अहो, फट आहे म्हणून तर ते जगतं. मूळ फटीतून खाली जातं, हात हात खाली. पाणी फटीतून जातं. वारा फटीतून येतो. तुम्ही फट भरलीत म्हणजे घराची दारं-खिडक्या भिंतीत चिणलीत, आणि वर विचारताय पाहुणा का गुदमरला!’ तो म्हणाला, पुन्हा बारा रोपं द्या. ती म्हणाली, रोपं संपली, हिवाळा तोंडावर आलाय, आता बी आहे. एका कागदाच्या पुडीत तिने काहीतरी दाखवलं. ती धूळ होती. ‘हे आत्ता पेरायचं आणि उघड्यावर सोडून द्यायचं. थंडी खाल्ल्याशिवाय हे बी जागं होत नाही. वसंतात काही उगवेल. काही त्याच्या पुढच्या वसंतात.’ ‘दोन वर्षं?’ ‘घाई असेल तर कागदाची फुलं आणा.’ पुडी हातात देताना तिने बजावलं, ‘बोटाने टाकू नका, ढीग पडेल. ढीग पडला की सगळी मिळून कुजतात. कागदाची घडी करा, बी घडीत घ्या, आणि एकेक पडू दे. यातच लोक चुकतात. फार घट्ट धरतात.’ बसमध्ये तो पुडी आतल्या खिशात, छातीशी धरून बसला. उजवा हात नेहमीच्या खिशात. मनात राग होता, पण वेगळ्या जातीचा. पुन्हा करायचं. सगळं उचकटून पुन्हा करायचं. छिन्नी आणि हातोडी घेऊन त्याने दोन रविवार ते प्लास्टर फोडलं. स्वतःचं इतकं सुबक काम आपल्याच हाताने फोडताना जीव तुटला. हात हलला की छिन्नी घसरायची, तरी फोडत राहिला.

तिसऱ्या रविवारी मेहुणा आला. सिंकचं काय झालं बघायला म्हणून आला आणि बघायच्या आधी चहाला बसला, कारण त्याचं सगळं असंच असतं. बायकोने तीन कप भरून आणले. मेहुण्याचा कप काठोकाठ. तिचा काठोकाठ. त्याचा अर्धा. मेहुणा काहीतरी बोलत होता, नव्या नळाबद्दल, आणि तो तीन कपांकडे बघत होता. कालचा कप कसा होता? अर्धा. परवाचा? त्याने मागे मागे जायला सुरुवात केली. उन्हाळ्यात तिने सांगितलं होतं, जास्त चहा बरा नाही, दोनदा घ्या पण थोडा घ्या. तो म्हणाला होता, कंजूष झालीस. त्याच सुमाराला त्याचे बटणांचे शर्ट धुवायला जाऊन परतलेच नव्हते आणि कपाटात डोक्यातून घालायचे सदरे आले होते. पातळ भाजी ताटाऐवजी वाडग्यात येऊ लागली होती, जड बुडाच्या. दाराचं कुलूप आजकाल तीच पुढे होऊन उघडायची. तो समजत होता तिला घाई असते. उन्हाळा. म्हणजे त्या मंगळवारच्या किती आधी? चार महिने? पाच? त्याची कानशिलं तापली. पहिल्यांदा नुसता संताप. मला न सांगता! माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे, मला पेशंट करून टाकलं! मग तो संताप कुठेतरी उतरत गेला, खाली खाली, आणि त्याच्या तळाशी लाज होती. तो खिशात उंदीर लपवत बसला होता, आणि ती रोज, एकही शब्द न बोलता, त्या उंदराची सोय बघत होती. चौतीस वर्षं फटी बुजवणाऱ्याच्या घरात ही बाई प्रत्येक गोष्टीत चार बोटं जागा सोडत आली होती. ‘भावोजी, ऐकताय ना?’ मेहुणा म्हणाला. ‘ऐकतोय,’ तो म्हणाला आणि अर्धा कप उचलला. सांडला नाही.

मेहुणा गेल्यावर तो गच्चीवर गेला. थंडी होती, पण वारा पडला होता. अशी दुपार पुन्हा मिळाली नसती. दगड त्याने गेल्याच आठवड्यात नव्याने उभे केले होते. बारा फटी, नुसती कच भरलेल्या, उघड्या. त्याने पुडी सोडली, कागदाची घडी केली, बी घडीत ओतलं, गुडघे टेकले आणि सवयीने करंगळी दगडाला टेकवली. मनगट आवळलं. कागद वाकवला. एवढा करकचून धरलेला हात, त्यातून बी हललंच नाही, आणि मग एकदम घसरलं, पहिल्या फटीत ढीग. राखेच्या चिमटीएवढा. झालं, यातच लोक चुकतात. तो ढिगाकडे बघत राहिला. मग त्याने जिन्याच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. ‘अगं, जरा वर येतेस?’

ती शाल गुंडाळत आली. ‘काय झालं?’ ‘काही नाही. इथे बस. बघ.’ ती विटेवर बसली. त्याने करंगळी दगडावरून उचलली. एवढी साधी गोष्ट, पण चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मास्तर वरून बघत असतील तर एव्हाना चष्मा काढला असेल. डावा हात त्याने मनगटावरून काढून मांडीवर ठेवला. उजवा हात हवेत, एकटा, आणि बायकोच्या डोळ्यांसमोर. हात थरथरू लागला. त्याने त्याला थांब म्हटलं नाही. घडीतलं बी जागचं हललं, ओळीने पुढे सरकलं, आणि कागदाच्या टोकावरून पडू लागलं. एक. मग एक. मग एक. कचेवर कुठे पडलं ते दिसतही नव्हतं, पण ढीग नव्हता. तो हात सावकाश पुढे नेत गेला, दुसरी फट, तिसरी, चौथी, आणि हात त्याचं काम करत राहिला, न थकता, न चुकता. आठव्या फटीशी त्याला हसू फुटलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ती कागदाच्या टोकाकडेच बघत होती, बत्तीस वर्षं सलाइनचे थेंब मोजले त्या नजरेने.

बाराव्या फटीशी बी संपलं. त्याने वर बारीक कच भुरभुरली, तीही त्याच हाताने. मग तिथेच मांडी घालून बसला. ‘तुला कधीपासून माहीत आहे?’ ‘तुमच्या आधीपासून.’ ‘मग बोलली का नाहीस?’ ‘तुम्ही बोलाल म्हणून थांबले. थोडी जागा द्यावी लागते माणसाला.’ शाल सारखी करत ती सिस्टरच्या आवाजात म्हणाली, ‘मेंदूचे डॉक्टर आहेत आमच्या जुन्या वॉर्डातले. गुरुवारची वेळ घेऊन ठेवलीय. दर महिन्याला घेते आणि पुढे ढकलते. या वेळी ढकलू का?’ ‘नको,’ तो म्हणाला. ‘गुरुवारी जाऊ. आणि बुधवारी मी दातांच्या डॉक्टरांना सांगतो. कवळ्या बंद. साचे ओतेन, कामावर येणाऱ्या नव्या मुलींना शिकवीन. घरी नाही बसणार.’ ‘बसा म्हणतंय कोण? दोन वर्षं हे उगवायची वाट बघायचीय ना?’ तिने विटेवर हात टेकत उठून गुडघे झटकले. ‘चहा आणू का वर? थंडी आहे.’

‘आण,’ तो म्हणाला. ‘आणि पूर्ण भर.’

ती दारात थांबली. ‘सांडेल हं.’

‘सांडू दे की. खाली खडीच आहे.’

ती गेली. कपबश्यांचा आवाज जिन्यातून वर आला. तिने कप आणला तो काठोकाठ होता, आणि त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. थोडा सांडला, बोटांवरून सिंकच्या पायथ्याशी, कचेवर, आणि बघता बघता खाली उतरून गेला. उरलेला तो प्यायला, सगळा.